राउटर ‘जोडलेला’ दिसतो, पण हाकेला ओ देत नाही: दर पावसाळ्यात परत येणाऱ्या बिघाडाचा माग

सकाळी साडेआठला खाडीपलीकडच्या एका सेवा केंद्रातून वहिनींचा फोन येतो. "दादा, नेट चालता हा, पण वायफायचो पासवर्ड आज बदलूक होयो." सोपं काम. मी डॅशबोर्ड, म्हणजे आमच्या सगळ्या राउटरांची अवस्था दाखवणारा पडदा, उघडतो. त्यांच्या राउटरपुढे हिरवा ठिपका आहे, शेजारी ‘जोडलेला’ असं लिहिलेलं. पासवर्ड बदलायचं बटण दाबतो आणि चक्र फिरत राहतं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. थेट राउटरमध्ये शिरायला जातो तर पडदा कोरा. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करतो तर आता कोरा पडदाही नाही, क्षणात ‘कनेक्शन नाकारलं’ असा निरोप. ठिपका मात्र हिरवाच.

असं आमच्याकडे दर पावसाळ्यात व्हायचं आणि मे महिन्यातल्या वळिवाच्या दिवसांतही व्हायचं. देवगड ते मालवण या पट्ट्यात आमची साधारण साडेतीनशे उपकरणं आहेत. काही जामसंड्यासारख्या मोठ्या वस्तीत, बरीचशी वाड्यांमध्ये, थोडी सड्यावरच्या टॉवरवर. सगळ्यांची देखरेख कणकवलीतल्या एका सर्व्हरवरून चालते. प्रत्येक राउटर त्या सर्व्हरला एसएसएचने (दूरच्या यंत्राशी कुलूपबंद बोलायची पद्धत) एक कनेक्शन लावतो आणि ते कायम उघडं ठेवतो. त्याच कनेक्शनमधून उलट्या दिशेचा बोगदा निघतो, म्हणजे सर्व्हरवर त्या राउटरच्या नावाचा एक ठरावीक पोर्ट, म्हणजे क्रमांकाचं दार, उघडतो. त्या पोर्टवर आपण गेलो की राउटरच्या आत पोचतो.

अशी उलटी रचना का, हे नव्याने या कामात आलेल्यांसाठी आधी सांगतो. फोरजीचं सिम टाकलेल्या राउटरला स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता सहसा मिळत नाही. सेवा देणारी कंपनी हजारो गिऱ्हाइकांना एकाच पत्त्यामागे बसवते. त्यासाठी १००.६४ पासून सुरू होणारा पत्त्यांचा एक वेगळा पट्टा २०१२ साली राखून ठेवला गेला. बाहेरून त्या पत्त्यावर फोन लावता येत नाही, म्हणून राउटरने आपण होऊन घरी फोन लावायचा. मोठ्या कंपन्यांच्या उपकरणांत दुरून सेटिंग बदलायला नेटकॉन्फ वापरतात, त्यातही हीच गरज पडली आणि २०१७ मध्ये ‘कॉल होम’ नावाने तिचं प्रमाणित रूप आलं. एसएसएचसाठी पोर्ट ४३३४, टीएलएस या प्रमाणपत्रावर चालणाऱ्या दुसऱ्या सुरक्षित पद्धतीसाठी ४३३५. तुमच्याकडे साधा एसएसएच बोगदा असो, नेटकॉन्फ असो की छोटे निरोप पोचवणारं एमक्यूटीटी, पुढचं दुखणं सगळ्यांना सारखंच होतं.

दोन वर्षं मी काय करत होतो

सर्व्हरवरची सेवा रीस्टार्ट करत होतो. रीस्टार्ट केलं की सगळे ठिपके लाल व्हायचे, मग एकेक करून हिरवे व्हायचे आणि अडलेला राउटर बोलायला लागायचा. त्यामुळे दोष सर्व्हरचा असं वाटायचं. मी मेमरी वाढवली, प्रोसेसर बदलला, ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकली. दोष तसाच राहिला. हे मुद्दाम लिहितोय, कारण तुम्हीही इथेच अडकला असाल तर सर्व्हरवर आणखी पैसे घालू नका. रीस्टार्टने बरं वाटतं त्याला कारण आहे, पण ते कारण सर्व्हरच्या ताकदीत नाही.

खरा धागा सापडला तो लाइनमनच्या एका वाक्यातून. तो सहज म्हणाला, "दादा, लाइट तीन तास गेली की काय त्रास नाय. दहा मिनिटां जावन इली की मगे घोटाळो." मी वहीत मागच्या सगळ्या तक्रारी काढून बघितल्या आणि त्याचं म्हणणं अगदी खरं निघालं. लाइट दुपारभर गेली होती त्या दिवशी सगळे राउटर मुकाट परत आले होते. नुसती लुकलुकून गेली त्या दिवशी निम्मे अडकले होते. उपकरणाला वीज किती वेळ नव्हती यावर ते परत नीट जोडलं जाणार की नाही हे ठरत असेल, तर सर्व्हरमध्ये कुठेतरी एक घड्याळ चालू आहे. ते घड्याळ शोधायचं होतं.

भुताचं सेशन

एसएसएच ज्याच्यावर चालतं ते टीसीपी कनेक्शन म्हणजे दोन टोकांच्या मेमरीतली एकेक नोंद. दोघेही गप्प असतील तर तारेवरून एक बाइटही जात नाही, तरी दोघांच्या लेखी कनेक्शन जिवंत. राउटर रीतसर बंद झाला तर जाता जाता ‘येतो’ म्हणून सांगतो आणि सर्व्हर आपली नोंद पुसतो. लाइट गेल्यावर राउटरला हे सांगायला वेळच मिळत नाही. सर्व्हर तसाच वाट बघत बसतो.

किती वेळ? सर्व्हरवरच्या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिममध्ये टीसीपीची स्वतःची एक चौकशी असते. कनेक्शन ७२०० सेकंद शांत राहिलं की पहिली चौकशी जाते, उत्तर नाही आलं तर दर ७५ सेकंदांनी एक, अशा एकूण ९. एकंदर ७८७५ सेकंद, म्हणजे २ तास ११ मिनिटं १५ सेकंद. ओपनएसएसएच या एसएसएचच्या प्रोग्रामच्या सर्व्हरमध्ये ही चौकशी मुळातच चालू असते, पण तिच्या वेळा कर्नलच्याच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्याच, राहतात. लाइनमनच्या ‘तीन तास’ आणि ‘दहा मिनिटां’ यांच्या मध्ये नेमकं हेच घड्याळ बसलेलं होतं.

आता वहिनींच्या राउटरचं सकाळचं गणित मांडतो. सात वाजता लाइट गेली, सात दहाला आली. राउटर उठला, त्याने सर्व्हरला नवा फोन लावला, चावी (पासवर्डऐवजी वापरायची गुप्त फाइल) जुळली, सेशन म्हणजे बोलण्याची जोडणी उघडली. मग त्याने मागितलं, "माझा पोर्ट मला दे." सर्व्हरने सांगितलं की तो पोर्ट आधीच कोणीतरी धरून बसलंय. धरून बसलेलं होतं सातच्या आधीचं त्याचंच सेशन, ज्याचं दुसरं टोक केव्हाच मेलेलं. त्यालाच मी भूत म्हणतो. राउटरच्या लॉगमध्ये याची एकच ओळ पडते: ‘रिमोट पोर्ट फॉरवर्डिंग फेल्ड फॉर लिसन पोर्ट’ आणि पुढे पोर्टचा आकडा. ही ओळ नुसती सूचना असते. ओपनएसएसएच मुळात असं धरून चालतो की बोगदा नाही मिळाला तरी सेशन चालू ठेवायला हरकत नाही. त्यामुळे राउटर बिनबोगद्याचं सेशन घेऊन शांत बसतो, आणि डॅशबोर्डला सेशन दिसतं म्हणून तो हिरवा ठिपका दाखवतो.

साडेआठला मी पोर्टवर गेलो तेव्हा माझं बोलणं त्या मेलेल्या सेशनमध्ये गेलं. सर्व्हर ते पाठवत राहिला, पोच येईना, पुन्हा पाठवलं, पुन्हा पोच नाही. पोच न आलेला डेटा लिनक्स मुळात १५ वेळा पुन्हा पाठवून बघतो आणि दर वेळी मधला काळ वाढवत जातो. सगळं मिळून ९२४ सेकंदांच्या वर, म्हणजे पंधरा मिनिटांहून थोडं जास्त. तेवढ्या वेळाने सर्व्हरने जुनं सेशन टाकून दिलं, पोर्ट सुटला. पण राउटरचं नवं सेशन तो पोर्ट पुन्हा मागत नाही, त्याचं एकदा मागून झालं. म्हणून आधी कोरा पडदा आणि मग झटकन नकार. हे दोन्ही याच क्रमाने दिसले तर तुमचंही दुखणं हेच आहे असं समजा.

खात्री कशी करायची

सर्व्हरवर चालू कनेक्शनांची यादी दाखवणारी ‘एसएस’ ही कमांड टाइमर आणि आतली माहिती दाखवण्याच्या पर्यायांसह चालवा आणि त्या राउटरची किती कनेक्शनं आहेत ते मोजा. एका राउटरची दोन दिसली तर अर्धं काम झालं. मग प्रत्येकापुढे दोन गोष्टी बघा. एक, पाठवायच्या रांगेतला आकडा. तो शून्य नसेल आणि मिनिटभरानेही तेवढाच असेल, तर त्या टोकाला ऐकणारं कोणी नाही. दुसरी, ‘लास्ट आरसीव्ही’ म्हणजे शेवटचं काही ऐकू आल्याला किती मिलिसेकंद झाले ते. आमच्या त्या सकाळी एका सेशनपुढे हा आकडा पाच आकडी होता, म्हणजे मिनिटभराच्या आतला. दुसऱ्यापुढे सात आकडी. लाखांत मोजायचे मिलिसेकंद, दीड तासाचं मौन. मी ती ओळ कागदावर उतरवून टेबलाच्या काचेखाली ठेवलीय.

त्यानंतर जमलं तर राउटरच्या टोकालाही बघा. तो आत शिरू देत नसेल तर जवळच्या माणसाला केबल लावून बघायला सांगा, दहा मिनिटांचं काम आहे. एकाच टोकाला बघून निदान करू नका. या बिघाडात दोन्ही टोकं आपापल्या जागी खरं तेच बोलत असतात. फक्त ती वेगवेगळ्या कनेक्शनबद्दल बोलत असतात.

लाइट न जाताही होतं ते

लाइटचा प्रश्न सुटल्यावरही आमचे फोरजीवरचे काही राउटर दुपारी शांत वेळेला हरवायचे. इथे दोषी वेगळा होता. मधल्या वाटेवरचा, पत्ते बदलून देणारा डबा, म्हणजे नॅट, प्रत्येक कनेक्शनची नोंद ठेवतो आणि बराच वेळ काही गेलं-आलं नाही की ती पुसतो. २००८ सालच्या आरएफसी ५३८२ या इंटरनेटच्या नियमपत्रात सांगितलंय की जुळलेल्या टीसीपी कनेक्शनची नोंद किमान २ तास ४ मिनिटं ठेवावी. हा आकडा मुद्दाम दोन तासांच्या थोडा वर आहे, म्हणजे टीसीपीची दोन तासांची चौकशी वेळेत पोचावी. प्रत्यक्षात वाटेवरचे सगळे डबे ते पाळत नाहीत. यूडीपीची, म्हणजे कायमची जोडणी न ठेवता पाकिटं टाकणाऱ्या पद्धतीची, नोंद तर त्याहून फार लवकर जाते, म्हणूनच तिच्यावर बोगदा चालवणारे वायरगार्डवाले दर २५ सेकंदांनी ‘मी आहे’ अशी एक खूण पाठवायला सांगतात.

आपल्या वाटेवरचं घड्याळ किती मिनिटांचं आहे ते अंदाजाने ठरवू नका, मोजा. एक कनेक्शन उघडायचं, एक मिनिट गप्प बसायचं, मग एक अक्षर पाठवून बघायचं. चाललं तर दोन मिनिटं, मग चार, आठ, पंधरा, तीस. जिथे उत्तर थांबेल तिथे मागे येऊन मधला आकडा तपासायचा. एका संध्याकाळी एका सिमचं उत्तर मिळतं. आम्ही तीन कंपन्यांची सिम अशी तपासली आणि तिन्हींची उत्तरं वेगळी आली. सगळ्यात लहान उत्तराच्या निम्म्याहून कमी वेळात एक तरी खूण गेली पाहिजे, हा आमचा ठोकताळा.

सर्व्हरच्या पुढे एनजिनएक्ससारखा प्रॉक्सी (मध्ये बसून विनंत्या पुढे पाठवणारा प्रोग्राम) बसवला असेल तर त्याचंही घड्याळ असतं. वेबसाठी त्याची वाट बघायची मुदत मुळात ६० सेकंदांची आहे. डॅशबोर्डवरचे ठिपके दर मिनिटाला डोळे मिचकावत असतील तर राउटरांकडे धावण्याआधी तिथे बघा.

काय बदललं

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं: खूण दोन्ही बाजूंनी पाहिजे. बहुतेक जण राउटरच्या बाजूने लावतात आणि थांबतात. राउटरच्या बाजूची खूण राउटरला सांगते की सर्व्हर हरवलाय, नवा फोन लाव. सर्व्हरच्या बाजूची खूण सर्व्हरला सांगते की राउटर गेलाय, पोर्ट सोड. दुसरी नसेल तर भूत राहतंच. ओपनएसएसएचमध्ये या दोन्हींचा काळ मुळात शून्य असतो, म्हणजे बंद. आम्ही राउटरवर ‘सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल’ ४५ सेकंद ठेवलं आणि सर्व्हरवर ‘क्लायंट अलाइव्ह इंटरव्हल’ही ४५. उत्तर न आल्यास किती वेळा वाट बघायची तो आकडा मुळातला ३ तसाच ठेवला. म्हणजे सव्वादोन मिनिटांच्या आसपास भूत उतरतं. त्याहून कमी केलं तर पावसात टॉवरची लिंक दोन मिनिटं अंधुक झाली की उगीच सगळे तुटतात; तेही आम्ही करून बघितलंय. सिमच्या डेटाची काळजी वाटत असेल तर या खुणांचा खर्च अगदी किरकोळ आहे, दिवसाला अर्ध्या एमबीच्या आसपास.

दुसरं: राउटरवर ‘एक्झिट ऑन फॉरवर्ड फेल्युअर’ हो करा. पोर्ट नाही मिळाला तर सेशनच सोडून दे आणि थोड्या वेळाने पुन्हा ये, असा त्याचा अर्थ. या एका ओळीने आमच्या निम्म्या तक्रारी गेल्या. तुटलेला बोगदा पुन्हा लावणारा ‘ऑटोएसएसएच’ वापरत असाल तर त्याचा वेगळा देखरेखीचा पोर्ट बंद करून वरच्या खुणांवरच काम सोपवा, दोन पहारेकरी एकमेकांत गोंधळ घालतात.

तिसरं सर्व्हरच्या बाजूचं, आणि त्यासाठी थोडा प्रोग्राम लिहून घ्यावा लागला. नवं सेशन आलं की त्याच उपकरणाचं जुनं सेशन असेल तर ते लगेच तोडायचं. नवा आलाय म्हणजे जुना गेलाय, यात शंका घ्यायला जागा नाही. एमक्यूटीटीच्या मानकातच हा नियम आहे: त्याच ओळखीचा दुसरा क्लायंट आला की ब्रोकरने, म्हणजे मधल्या सर्व्हरने, पहिल्याला बाहेर काढलंच पाहिजे. तिथे खुणेचा हिशोबही ठरलेला आहे, ठरवलेल्या काळाच्या दीडपट वेळ काही ऐकू आलं नाही की कनेक्शन तुटलं असं धरायचं. एसएसएचमध्ये हे आपोआप होत नाही, म्हणून प्रत्येक राउटरला वेगळी चावी द्या आणि चावीवरून ओळखा. सगळ्या राउटरांत एकच चावी टाकलेली असेल तर कोणतं सेशन कोणाचं हे कळायला मार्ग उरत नाही. आमच्याकडे पहिली दोन वर्षं तसंच होतं, आणि सगळ्या राउटरांच्या चाव्या बदलायला आम्हाला अख्खा फेब्रुवारी लागला.

चौथं, ठिपक्याचा अर्थ बदलला. आता डॅशबोर्ड सेशन आहे की नाही हे विचारत नाही. दर पाच मिनिटांनी प्रत्येक राउटरला बोगद्यातून एक खराखुरा प्रश्न जातो, तू किती वेळ चालू आहेस, आणि उत्तर आलं तर त्याची वेळ लिहिली जाते. पडद्यावर ‘जोडलेला’ या शब्दाऐवजी ‘शेवटचं बोलणं ३ मिनिटांपूर्वी’ असं दिसतं. एसएसएचची खूण एसएसएचच परतवतो. आतला कारभार पाहणारा प्रोग्राम अडकलेला असला तरी ती परत येते. प्रश्न विचारल्यावर तेही उघडं पडतं. शिवाय राउटर किती वेळ चालू आहे ते कळल्यामुळे कुठल्या वाडीत रात्री लाइट गेली होती तेही सकाळी समजतं.

सगळे एकदम धावतात तेव्हा

तौक्ते वादळ मे २०२१ मध्ये आमच्या किनाऱ्याजवळून गेलं. त्यानंतर वीज टप्प्याटप्प्याने परत आली, एकेका फीडरवरची गावं एकदम उजळायची. एकदम उजळायची म्हणजे तिथले सगळे राउटर एकाच सेकंदाला उठायचे, तेवढ्याच वेळात बूट व्हायचे आणि एकदम सर्व्हरच्या दारात उभे राहायचे. त्यातले काही आत यायचे, बाकीचे बाहेरच. सर्व्हरवर भार तर दिसेना.

कारण ओपनएसएसएचच्या ‘मॅक्स स्टार्टअप्स’ या सेटिंगमध्ये आहे. मुळात त्याची किंमत १०, ३०, १०० अशी तीन आकड्यांची असते. ओळख पटायची बाकी असलेली १० कनेक्शनं झाली की पुढच्या येणाऱ्यांतले ३० टक्के परत पाठवायचे, संख्या वाढेल तसं हे प्रमाणही वाढवायचं आणि १०० झाली की सगळ्यांनाच परत पाठवायचं. हल्लेखोरांना आवरायला ही सोय चांगली आहे, पण आमच्या राउटरांची झुंडही तिला तशीच दिसते. रीस्टार्टचा माझा जुना उपाय का महागात पडायचा तेही इथे कळतं. रीस्टार्टने भुतं जायची आणि त्याच क्षणी साडेतीनशे उपकरणं दारात यायची, त्यातली काही परतायची, आणि ज्यांची फोन लावणारी स्क्रिप्ट नीट लिहिलेली नव्हती ती कायमची रुसून बसायची.

आकडे वाढवता येतात, आम्हीही थोडे वाढवले. पण खरा उपाय राउटरच्या बाजूचा. उठल्यावर लगेच फोन लावायचा नाही, शून्य ते १२० सेकंदांतला कुठलातरी काळ थांबायचं. अख्खं नेटवर्क एकदम उठलं तरी सेकंदाला सरासरी तीनच येतात. हा काळ राउटरच्या मॅक पत्त्यावरून, म्हणजे प्रत्येक उपकरणाला कारखान्यातच मिळालेल्या वेगळ्या क्रमांकावरून, काढा. एकाच बनावटीचे, एकाच वेळी उठलेले, घड्याळ नसलेले छोटे राउटर ‘यादृच्छिक’ म्हणून सारखाच आकडा काढू शकतात. मग नाही जमलं तर १० सेकंद, २०, ४० असं वाढवत पाच मिनिटांपर्यंत जायचं आणि तिथे थांबायचं. कायमचं सोडून कधीच द्यायचं नाही. पाच मिनिटांच्या वरही नेऊ नका. चतुर्थीला चाकरमानी गावात आले की घरमालक नेट परत यायची वाट दारात उभं राहून बघत असतो.

सर्व्हरवर एका प्रोग्रामला किती फायली उघडता येतात ती मर्यादाही बघून ठेवा. लिनक्समध्ये ती बऱ्याच ठिकाणी १०२४ असते आणि प्रत्येक कनेक्शन ही एक उघडी फाइलच. सगळी उपकरणं एकच प्रोग्राम सांभाळत असेल आणि एका उपकरणामागे तीन जोडण्या धरल्या, तर साडेतीनशेलाच हा आकडा गाठला जातो. लॉगमध्ये ‘टू मेनी ओपन फाइल्स’ दिसलं की सेवेच्या फाइलमध्ये मर्यादा वाढवा.

एक नवी अडचण अलीकडे आली आणि तिने आम्हाला आठवडाभर हैराण केलं. २०२४ साली आलेल्या ओपनएसएसएच ९.८ पासून सर्व्हर प्रत्येक पत्त्याचं वागणं लक्षात ठेवतो. कोणी वारंवार अर्धवट कनेक्शन सोडलं किंवा ओळख न पटवता गेलं तर त्या पत्त्याला काही काळ दारात उभं करत नाही, आणि हे मुळातच चालू असतं. आमचे फोरजीवरचे पन्नासेक राउटर कंपनीच्या मोजक्या पत्त्यांमागे बसलेले. त्यातल्या एकाची रेंज खराब, तो दर मिनिटाला अर्ध्यात पडायचा, आणि शिक्षा त्याच्या मागच्या सगळ्यांना. सर्व्हर अद्ययावत केल्यावर अचानक एका कंपनीच्या सिमवरचे राउटर गटागटाने हरवायला लागले तर ‘पर सोर्स पेनल्टीज’ हे सेटिंग तपासा. माहीत असलेले पत्ते त्यातून वगळण्याची सोय दिलेली आहे. सिमचे पत्ते बदलत असतील तर राउटरांसाठी वेगळ्या पोर्टवर वेगळी एसएसएच सेवा चालवून तिथे ही शिक्षा सौम्य करा. पासवर्डने प्रवेश मात्र तिथे पूर्ण बंद ठेवा, फक्त चावी.

हेच दुखणं वाटणारी दुसरी दोन

राउटर खुणांना उत्तर देतो, छोटा प्रश्नही पोचतो, पण मोठी कॉन्फिगरेशन फाइल पाठवली की अडकतो. हे भूत नव्हे. पीपीपीओईच्या (नाव-पासवर्डने जोडणाऱ्या ब्रॉडबँडच्या) लाइनवर डेटाच्या एका पाकिटात १५०० ऐवजी १४९२ बाइटच मावतात. छोटी पाकिटं जातात, मोठी वाटेत पडतात, आणि ‘पाकीट मोठं आहे’ हा निरोप कोणीतरी फायरवॉलवर अडवलेला असतो. राउटरवर एमएसएस, म्हणजे एका पाकिटातल्या टीसीपी डेटाची मर्यादा, १४५२ ला बांधून घाला, सुटेल.

दुसरं घड्याळाचं. स्वस्त राउटरांत बॅटरीवरचं घड्याळ नसतं. लाइट येऊन उठले की त्यांच्या लेखी कुठलीतरी जुनी तारीख असते, कधीकधी थेट १९७०. टीएलएस वापरत असाल तर सर्व्हरचं प्रमाणपत्र त्यांना ‘अजून सुरू न झालेलं’ वाटतं आणि ते जोडायला नकार देतात. एनटीपीने, म्हणजे नेटवरून घड्याळ लावणाऱ्या सेवेने, वेळ मिळेपर्यंत थांबायला सांगा, आणि एनटीपीचा पत्ता नावाने दिला असेल तर डीएनएसशिवाय (नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेशिवाय) चालणारा एखादा आकडी पत्ताही सोबत द्या. साध्या एसएसएचच्या चाव्यांना तारखेशी देणंघेणं नसतं, म्हणून आमच्याकडे हा त्रास फक्त टीएलएसवर नेलेल्या वीस-पंचवीस उपकरणांना झाला.

मृगाच्या आधी

आता मे संपता संपता आम्ही एक चाचणी करतो. कार्यालयात सहा राउटर एका पट्टीवर लावायचे, पट्टीचा प्लग काढायचा, आठ मिनिटांनी परत लावायचा. आठ मिनिटं मुद्दाम, कारण तोच काळ घातक होता. सहाही राउटर बोगद्यासकट परत येईपर्यंत घड्याळ लावून बसायचं. मग एकाचं सिम चालू ठेवून त्याच्या वाटेवरचा फायरवॉल मध्येच सगळं गिळून टाकेल असं करायचं, कुठलाही नकार न पाठवता. टोकं किती वेळात ओळखतात ते लिहायचं. गेल्या मे महिन्यात पहिल्या चाचणीत पाच परत आले. सहाव्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘एक्झिट ऑन फॉरवर्ड फेल्युअर’ची ओळ कोणीतरी जुन्या साच्यातून बनवताना गाळली होती. त्या साच्यातून बनवलेले आणखी अकरा राउटर आधीच वाड्यांवर गेलेले, त्यातले तीन खाडीपलीकडे. पावसाआधी होडीच्या दोन फेऱ्या करून सगळे दुरुस्त केले.

सड्यावरचा एक टॉवर अजून राहिलाय. तिथे माती कमी, अर्थिंग नीट लागत नाही आणि विजा पडल्या की स्विचचा पोर्ट अर्धवट मरतो: लिंकचा दिवा लागतो, पण पाकिटं एकाच दिशेने जातात. राउटरचं सर्व्हरला पोचतं, सर्व्हरचं राउटरला पोचत नाही. दोन्ही बाजूंच्या खुणा असल्यामुळे आता ते सव्वादोन मिनिटांत तुटलेलं दिसतं आणि फोरजीची पर्यायी वाट लागते. यंदा तिथे तांब्याची तार काढून फायबर टाकायचं ठरलंय, खांब उभे झालेत, केबल यायची आहे.